खिडकीतून दिसणारं पागोटं

जमलेल्या सगळ्या वडीलधाऱ्यांनो, मावश्यांनो, वाडीतल्या माझ्या भावंडांनो, आणि शाळेतल्या बाई, सर,

मला बोलायची भीती वाटतेय. आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच थांबले तर कुणी पाण्याचा तांब्या घेऊन धावायला नको. थांबले तर थांबू द्या. परत सुरू करीन.

दहाव्याला घाटावर मोठी मोठी माणसं बोलली. आप्पा कष्टाळू होते म्हणाले. आप्पा मनमिळाऊ होते, चार माणसांत उठून दिसायचे म्हणाले. हिरा माझ्या शेजारी रडत बसली होती. रडता रडता ती माझ्या कानात म्हणाली, "आगं, हे कुणाबद्दल बोलत्यात?" खरंय तिचं. लेकच ती, तिला ठाऊक. आप्पा कधी चार माणसांत बसले? ग्रामसभेत ते दाराबाहेर उभे राहायचे. लग्नात जेवून सगळ्यांच्या आधी निघायचे. आप्पांना माणसांची भीती वाटायची. त्यातून शाळेची तर फारच.

आणि मी आज, इथं शाळेच्या आवारात, त्याच भ्यालेल्या माणसाबद्दल बोलणार आहे. मला दुसरे आप्पा माहीत नाहीत.

माझं नाव बिमला. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना मी अजून 'गुरख्याची पोर' म्हणूनच माहीत आहे, आणि त्याचा मला राग नाही. माझे बा कुरकुंभला केमिकल कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. तेव्हा कंपन्या नुकत्याच उभ्या राहत होत्या. आप्पांनी घराशेजारची पत्र्याची खोली बांना राहायला दिली होती. तिकडं नेपाळात माझी आमा, म्हणजे आई, वारली. मला सांभाळायला कुणी उरलं नाही, म्हणून बा मला घेऊन आले. गाडीतून दौंडला उतरलो तेव्हा डोंगर कुठं आहे ते मी शोधत होते. नुसतं सपाट. इतकं सपाट की लपायला जागाच नाही असं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी बांनी मला ह्या शाळेत आणून सोडलं. ही समोरची खोली, तेव्हा पत्र्याची होती. बाई काय बोलतात, कळत नव्हतं. पोरं हसली की वाटायचं मलाच हसतायत, आणि बऱ्याचदा मलाच हसत होती. हजेरीला नाव घेतलं की सगळी ओरडायची, 'हजर'. मी आपली गप्प. मी दिवसभर पाणी प्यायचे नाही. का? तर बाहेर जायचं कसं विचारायचं ते माहीत नव्हतं. पुढं हिरानं शिकवलं, करंगळी वर करायची. एवढंच होतं ते. पण ते कळेपर्यंत माझा जीव सुकून गेला होता.

बांनी एक गोष्ट मला सांगून ठेवली होती. कंपनीतल्या एका साहेबाच्या नातेवाइकांना पुण्यात घरकामाला पोरगी हवी होती. राहून-खाऊन. बा वाईट नव्हते, हो. दिवसपाळी, रातपाळी, त्यात पोरीला खोलीत एकटी कशी ठेवणार? बा म्हणाले, दिवाळीपर्यंत शाळेत टिकलीस तर इथं राहशील. नाही टिकलीस तर पुण्याला. मला शाळेची भीती वाटायची आणि पुण्याची त्याहून जास्त.

आणि तरी मी पळाले. कशी पळाले ते आठवत नाही. पाढे चालले होते, बाईंनी माझ्याकडं बोट केलं, आणि मी दारातून बाहेर. थेट सोलापूर हायवे. मला वाटलं, ह्याच रस्त्यानं आलो, तर ह्याच रस्त्यानं घर येईल. ट्रक असे अंगावरून गेल्यासारखे जायचे. मी कडेला उभी राहिले. पलीकडं जाता येईना, मागं यायचं धाडस होईना.

आप्पा तिकडंच शेरडं चारत होते. शेजारच्या खोलीतली पोर म्हणून त्यांनी मला ओळखलं. आता दुसरं कुणी असतं तर काय केलं असतं? ओरडलं असतं, धरायला धावलं असतं. आणि मी पुढं ट्रकखाली गेले असते. आप्पा धावले नाहीत. लांबच खाली बसले, तसेच, मातीत. माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते. बुजलेल्या कोकराच्या मागं लागायचं नसतं हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. त्यांच्या बापजाद्यांनी मेंढरंच राखली. बसले, आणि कुणाशीच नाही असं काहीबाही बोलत राहिले. मला एक शब्द कळला नाही. पण आवाज कळला. मी रडत रडत त्यांच्याजवळ जाऊन बसले.

मग त्यांनी मला शाळेच्या आवारापर्यंत आणलं. आत नाही आले. ते समोर लिंबाचं झाड दिसतंय ना, त्याच्या खाली बसले. आधी खिडकीकडं बोट केलं, मग दोन बोटं माझ्या डोळ्यांकडं नेली, मग स्वतःच्या छातीवर ठेवली. "हितं बसतो. दिसतो का?"

एवढं मला कळलं.

त्या दिवसापासून आप्पा रोज त्या लिंबाखाली बसायला लागले. शेरडं आसपास चरायची. मी पाटीवरून मान वर केली की खिडकीतून लाल पागोटं दिसायचं. ते दिसलं की मी पुढचं अक्षर काढायचे. एखाद्या वेळी ते शेरडामागं गेले की माझी पेन्सिल तिथंच थांबायची. हिरा चिमटा काढून म्हणायची, "येत्यात गं, माझा बाप हाय का तुझा?"

मग दसरा आला. आमच्याकडं दसऱ्याला मोठी माणसं धाकट्यांच्या कपाळाला टिका लावतात. दही, लाल रंग आणि तांदूळ कालवून. चांगला जाड, कपाळभर. आणि अंधारात उगवलेले जवाचे पिवळे कोंब कानावर खोचतात. दरवर्षी मला आमा लावायची. त्या वर्षी बांनी लावला. म्हणाले, पुनवेपर्यंत पुसू नकोस, ह्यात आमाचा आशीर्वाद आहे.

मी तशीच दुसऱ्या दिवशी शाळेत आले. वाळलेला लाल भात कपाळावर, कानात गवत. पोरांनी एकदा बघितलं आणि बाकं सरकवली. कुणी म्हणालं हिच्या अंगात आलंय. कुणी म्हणालं करणी केलीय, शिवू नका. एक पोरगी खरोखर रडायला लागली. इतके दिवस मी त्यांना भीत होते, आता ती मला भ्यायला लागली. मला सांगा, भीतीचं वाईट काय असतं? ती एकाची राहत नाही.

बाई नवीन होत्या, तरुण होत्या. त्याही घाबरल्या असणार. त्यांनी दोन मोठ्या पोरींना सांगितलं, हिला नळावर नेऊन तोंड धुवा. पोरींनी माझे दंड धरले. मी बाक सोडेना. मला वाटत होतं हे धुतलं की आमा पुन्हा एकदा मरेल. मी किंचाळले, "आमा". ती हाक कुठल्याही मुलखात कळते.

मी खिडकीकडं बघितलं. लिंबाखाली कुणी नव्हतं.

आप्पा पायरीशी येऊन उभे होते. त्यांनी वहाणा काढल्या. एक पाय पायरीवर ठेवला आणि तसेच राहिले. हिरा अजून सांगते, तिनं आपल्या बापाला असं कधी पाहिलं नव्हतं. जो माणूस पोरीचं प्रगतीपुस्तक खिडकीतून हात घालून घ्यायचा, तो दारात उभा होता, आणि सगळी शाळा त्याच्याकडं बघत होती.

मग ते आत आले. डोक्यावरचं पागोटं काढलं. त्यात आदल्या दिवशी खोचलेले घटाचे कोंब होते. तसेच पिवळे. त्यांनी ते माझ्या कानाजवळ धरले आणि म्हणाले, "बाई, बघा. देवीचं धान हाय. हिच्या बी घरी घट बसला आसंल. धुवू नका, पोर भ्यालीय."

बाईंचा हात आपोआप स्वतःच्या अंबाड्याकडं गेला. काल त्यांनीही तिथं कोंब खोचले होते, त्यातला एक अजून अडकलेला होता. बाई खाली बसल्या आणि माझे दंड सोडवले. दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं घरचे उरलेले कोंब घेऊन आली, माझ्या कोंबांशी ताडून बघायला. आमचे जवाचे, त्यांचे गव्हाचे आणि ज्वारीचे. कुणाचे लांब, त्यावरून भांडणंसुद्धा झाली. ते माझं ह्या शाळेतलं पहिलं भांडण. फार बरं वाटलं.

भीती गेली नाही. खोटं कशाला सांगू? पण दिवाळी आली तेव्हा मी शाळेत होते. पुण्याचा माणूस मला न्यायला आला, तेव्हा आप्पांनी बांना आपल्या हिंदीत सांगितलं, "लडकी नही जायेगी. इधरच शिकेगी." बांनी त्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं. आज मी औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. त्या दिवशी बांनी हो म्हटलं असतं तर मी कुठं असते?

मोठी झाल्यावर मी एकदा आप्पांना विचारलं, तुम्ही रोज का बसायचात? त्यांनी आधी शेरडाच्या अंगावरची कुसळं काढली. मग म्हणाले, "आमी मेंढरं घिऊन दरसाल नव्या मुलखात जायचो. तिकडं एका मास्तरनं मला शाळंत बसवलं व्हतं. पोरं हसली. मी बी पळालो. मला मागारी आणाया कुणी आलं न्हाई."

गेल्या महिन्यात आप्पांना दौंडला दवाखान्यात नेलं. आयसीयूत ठेवलं. आतल्या सगळ्यांच्या तोंडावर मास्क, मशिनचे आवाज, कोण काय बोलतंय कळत नाही. तोंडात नळी, विचारायचं तरी कसं? मला तर ते फार ओळखीचं वाटलं. हिराला भेटून झाल्यावर बाहेर काढलं. मला आत सोडेनात, म्हणाले, तुम्ही नातेवाईक आहात का?

दाराला काचेची छोटी खिडकी होती. मी तिथं उभी राहिले. आप्पांचे डोळे इकडं तिकडं फिरत होते, भ्यालेले. ते काय शोधत होते हे मला माहीत होतं. मी काचेवर टकटक केलं. त्यांनी बघितलं. मी आधी दोन बोटं त्यांच्या डोळ्यांकडं केली, मग माझ्या छातीवर ठेवली. दिसते का?

त्यांनी मान हलवली. मग त्यांचे डोळे फिरायचे थांबले. दुपारभर ते माझ्याकडं बघत होते आणि मी त्यांच्याकडं. नर्सनं पडदा ओढला तोपर्यंत.

आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू. एक विनंती आहे. अशा वेळी आपण डोळे मिटतो, पण आज मिटू नका. आप्पांचा फोटो तिथं लिंबाखाली ठेवलाय, मीच ठेवायला सांगितला. आप्पांना अनोळखी ठिकाणी जायची फार भीती वाटायची, आणि ते आज तसेच कुठंतरी निघालेत. त्यांच्याकडं बघत उभे राहा.

आप्पा, आम्ही हितंच हाय.