माजघर धुपाने केलेला दगा

…आणि वर मलाच विचारतात, पेढे कधी वाटताय म्हणून. मला. इथे माणूस पाठीत सुरा घेऊन हिंडतोय आणि तुम्हाला पेढे सुचतात? नाही, उठू नका, बसा, ऐकूनच जा. उद्या कुणी तिसराच तुम्हाला सांगेल की या बातमीदाराने डोंगरकडा गावच्या तातेरावांना म्हातारपणी बाप केलं, आणि तुम्ही मान डोलवाल. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. तुम्हाला सांगतो, दगा झालाय. सरळ सरळ दगा.

आता मी कोण? मी हैदराबादेत कॉलेज केलेला माणूस. वीस वर्षं हिंगोलीतून साप्ताहिकाला बातम्या पाठवतोय, आणि या वीस वर्षांत कुणाच्या कोठारात काय दडलंय, कुणाच्या पोटात काय शिजतंय, ते त्यांच्या घरच्यांच्या आधी मला कळत आलंय. अशा माणसाला फसवलं कुणी? चोरांनी नाही, साहेबांनी नाही… घरच्यांनी आणि दोस्ताने. आणि कशात? एका वासात.

मला काय हवं होतं? वाचनालय. बाकी काही नाही. डोंगरकड्यात एक वाचनालय. तिथला माणूस बातमी वाचतो ती पुडीच्या कागदावर. साखर डब्यात ओतायची आणि कागद उजेडात धरायचा. तीही अर्धीच बातमी, कारण उरलेली अर्धी शेजाऱ्याच्या डाळीसोबत गेलेली. दोघांनी मिळून वाचायची म्हटलं तर दोघांची बांधावरून भांडणं. तर तातेराव म्हणजे तिथले मोठे जमीनदार, सत्तरीला टेकलेले, बायको जाऊन जमाना झाला, दोन्ही पोरं वसमतला हळदीच्या व्यापारात. ते म्हणाले, रस्त्याकडची खोली देतो. पण अट. “खोली घ्या वो, पर चालवाल कशावर? वर्गण्या मागत फिरणार असाल तर न्हाई. चार म्हैन्यात कुलूप लागलं का लोक मलाच हासतेत.”

मग मी म्हटलं, धंदा काढतो. असा धंदा की सगळी कमाई वाचनालयाला, आणि माल आपल्या मातीतला. आपण काय करतो? म्हैसूरची उदबत्ती लावतो. म्हणजे घर आपलं आणि वास म्हैसूरचा. का? आपल्या घरांना स्वतःचा वास नव्हता? होता की. माझ्या आईच्या माजघराला होता. शाळेतून आलो की उंबऱ्यातच यायचा, उबदार, जरा उग्र, थोडा गोड… आई आतल्या अंधारात असायची, दिसायची नाही, पण वास आला की कळायचं, आहे. तो वास मी पुन्हा कुठेच घेतला नाही. तोच पुडीत बांधायचा ठरवला. नावसुद्धा ठेवलं, ‘माजघर धूप’. निखाऱ्यावर चिमूटभर टाका आणि आपल्या पूर्वजांच्या घरात बसा. सुचलं तेव्हा मला माझाच अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

गेलो मोहियोद्दीनकडे. हिंगोलीच्या बाजारात त्याचं ऊद-लोबान-अत्तराचं दुकान, माझा लहानपणापासूनचा यार. शेगडी पेटवली. तो एकेक चिमूट टाकायचा, मी डोळे मिटून सांगायचो. लोबान टाकला… जवळ आलास. वावडिंग… अजून जवळ. कडुलिंबाचा पाला, ओवा, लसणाची सालं. मग त्याने बाळंतशेपा टाकला आणि तुम्हाला सांगतो, मला रडूच फुटलं. भर दुकानात. हाच, म्हटलं, हाच तो. मोहियोद्दीन माझ्याकडे बघत राहिला. “पक्का?” पक्का. “सोच लो, साहब.” अरे सोच लो काय? तूच सांग, हा वास ओळखीचा नाही? तर म्हणतो, “वळखीचा काहून न्हाई? हमारे घर में भी यही था.” बघा. हिंदूच्या घरात तोच, मुसलमानाच्या घरात तोच. मी त्याच आठवड्यात लेख लिहिला, ‘दोन्ही धर्मांच्या माजघरातला एकच सुवास’. छापूनही आला. एकाने, एकाने तरी पत्र लिहून सांगावं? नाही. सगळ्यांनी वाचला आणि सगळे गप्प. यालाच मी दगा म्हणतो.

घरी निर्मलाबाई, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, पुड्या बांधायला बसल्या. बांधताना पदर तोंडाला. मी म्हटलं ठसका लागत असेल. हसत होत्या, आता कळतंय.

तर उद्घाटन. तातेरावांच्याच ओसरीवर. तिन्हीसांजेला मी भाषण केलं, आपला ठेवा आपण जपला पाहिजे वगैरे, आणि तातेरावांनी स्वतःच्या हाताने निखाऱ्यावर पुडीच्या पुडी ओतली. चिमूटभर म्हटलं होतं हो मी. धूर निघाला तो गल्लीभर. म्हातारा खूश. “चांगला हाय वास. कायतरी आठवून राहिलं, पर काय ते ध्यानात येईना.” त्यांच्याही ध्यानात येईना, बरं का. ओसरीवर आम्ही दोघेच, आणि दोघेही मूर्ख.

रात्री तिथेच मुक्काम केला. सकाळी मी ओसरीवर दात घासतोय तर दारात बायका. एकीच्या हातात तेलाची वाटी, एकीच्या खारका, एकीकडे डिंकाचे लाडू. सगळ्यांत पुढे सखुबाई, गावची सुईण, ती तर भडकलेलीच. “गावात बाळंतपण झालं अन् मला सांगावा न्हाई? कुणाला बोलवलं व्हतं, कळमनुरीवाल्या बाईला?” मी म्हटलं, बाई, कसलं बाळंतपण? तर म्हणते, “मंग रातीची धुरी काय मांजरीला दिली?”

तेव्हा, त्या क्षणी, तोंडात कडुलिंबाची काडी असताना, मला कळलं की माझ्या आईच्या माजघराचा वास म्हणजे बाळंतिणीची धुरी. न्हाऊ घातलं की आई आणि लेकरू दोघांना देतात ती. आख्ख्या मुलखात जी नाकाला लागली की आंधळ्यालाही कळतं, या घरात पाळणा हलला.

पुढे काय विचारता? पुजाऱ्याने तातेरावांचा नैवेद्य परत पाठवला, “सोयर फिटू द्या, मालक.” आणि दुपारी वसमतहून दोन्ही पोरं दमणी जुंपून हजर, बैलांच्या तोंडाला फेस. थोरला ओसरीवर चढायच्या आधीच, “आबा, कोन हाय ती?” तातेराव म्हणतात, “कोन कोन?” “आमची नवी आई.” धाकटा तर सरळ घरात घुसला, खोल्या बघत सुटला. मी मध्ये पडलो, समजावायला गेलो, की हा आपला सांस्कृतिक… तातेरावांनी मला थांबवलं. ओरडले नाहीत, ते एक बरं. “बातमीदार, गावात वाचनालय व्हईल म्हनून खोली दिली व्हती. तुमी माझीच बातमी केली.” आणि खोलीला कुलूप. वाचनालय उघडायच्या आधीच.

घरी येऊन तडक विचारलं निर्मलाबाईंना. तुम्हाला ठाऊक होतं? तर भाकरी थापता थापता, “अहो, मला वाटलं तुमाला माहीत असंल. तुमी येवढं लिहिता.” मला कुठून माहीत असणार? माझी दोन्ही लेकरं तुमच्या माहेरी झाली, गोरेगावला. मी धुरी बघितली कधी? आणि माझ्या आईच्या माजघरात मग बारा महिने तो वास कसा? यावर बाई हात थांबवून म्हणतात, “तुमी थोरले. तुमच्या पाठीवर नऊ. सासूबाईंच्या घरात धुरी इझलीच कवा व्हती?”

…नऊ. खरंय. आई अंधारात दिसायची नाही ती का, ते मला या वयात कळावं, तेही भाकरीच्या पिठात हात असलेल्या बाईकडून.

गेलो मोहियोद्दीनकडे. तू तर दोस्त ना रे? “मैं समझा तुमकू मालूम है.” बाळंतशेपा टाकताना तरी बोलायचंस. नावातच आहे म्हणतोस? अरे, घोडवेखंडाची मुळी काय घोडे खातात? पडद्याआडून त्याची बायको बिलकीस खुदकन हसली. आणि मोहियोद्दीन काय म्हणाला माहितेय? “साहब, तुम रो रहे थे. अम्मा याद आके रोनेवाले आदमीकू कौन टोकेगा?” आता यावर भांडायचं कसं, सांगा. दगा तो दगाच, पण असा प्रेमाने केला की तक्रार कुठे करायची?

बरं, इथेच थांबावं की नाही? नाही. दुकानात राहिलेला माल त्याने मला न विचारता गिऱ्हाइकांपुढे ठेवला. लेबल तेच, ‘माजघर धूप’. फक्त बोलायचा, “जच्चा-बच्चा की धुरी, तयार, सब बराबर मिलाके.” संपला. सगळा. आता वसमतच्या सुईणी नेतात, गोरेगावच्या नेतात, बुरख्यातल्या नेतात, नऊवारीतल्या नेतात. सखुबाई तर तोऱ्यात सांगते, आमच्या तातेरावाच्या वाड्यातून निघालेली हाय ही. माझा लेख खरा ठरला हो, दोन्ही धर्मांच्या माजघरात एकच वास. फक्त लिहिणाऱ्याला तो कशाचा ते माहीत नव्हतं.

आणि वाचनालय? झालं. डोंगरकड्याला नाही, तिथे अजून पुडीवरची अर्धीच बातमी. हिंगोलीत, मोहियोद्दीनच्या दुकानाला लागून माल ठेवायची खोली होती, ती त्याने रिकामी करून दिली. खुर्च्या आल्या, वर्तमानपत्रं आली. पण भिंतींतून वास जाईना. पेपर उघडला की ओवा, पान उलटलं की बाळंतशेपा. दारावर पाटी आहे, ठळक अक्षरांत, पण पाटी वाचतो कोण? रस्त्याने जाणारा नाक वर करतो, आत डोकावतो, मला खुर्चीत बसलेला बघतो आणि अगदी आपुलकीने विचारतो, “काय झालं, पोरगं का पोरगी?”

आधी भांडायचो. आता सांगून टाकतो, वाचनालय झालं.

तर म्हणतात, “असू द्या. पुढच्या खेपेला व्हईल पोरगं.”