भाऊसाहेब तोडणकर चौक

२००३ साल. व्हिसा संपलेल्यांनी दंड न भरता मायदेशी परतावं, या सवलतीचा शेवटचा दिवस. दुबईतल्या कचेरीबाहेरच्या रांगेत माझ्यापुढे एक तरुण सुतार होता आणि त्याच्यापुढे एक थकलेले गृहस्थ.

"तुम्ही आमचे नगराध्यक्ष ना? भाऊसाहेब तोडणकर?"

"होतो. तू कुणाचा?"

"बंदरावरच्या सुतारांचा दौलत. पण भाऊसाहेब, तुम्ही तर वारलात!"

"कधी?"

"झाली की दोन वर्षं. एसटी स्टँडसमोर तुमच्या नावाचा चौक आहे. शोकसभेला आमदार आले होते."

"एवढी गटारं बांधली, तेव्हा कुणी बोळालासुद्धा नाव दिलं नाही."

"हयात माणसाचं देत नाहीत ना."

"अरे, पद गेल्यावर इकडे आलो, उम्म अल कुवैनच्या नुसत्या वाळूत गॅरेज टाकलं. पुढे अरब भागीदाराशी बिनसलं, धंदा खलास. मी नव्हे."

"तुमच्या मिथुनदादाने तुमचा हार घातलेला फोटो प्रचाराच्या जीपवर लावला नि नगराध्यक्ष झाला."

"आणि त्याची आई?"

"काकींना खरंच वाटलं हो. कुंकू पुसून जीपमध्ये बसायच्या. एक फोन तरी करायचात!"

"केला होता, निवडणुकीच्या आधी. मिथुननेच उचलला. म्हणाला, बाबा, इतक्यात येऊ नका, मी कळवतो."

"यल्ला, नेक्स्ट!" खिडकीतून कारकून ओरडला.

"भाऊसाहेब, तुमचा नंबर."

"तू हो पुढे."

"अहो, उद्यापासून पकडून आत टाकतील!"

"हो पुढे. त्याची टर्म अजून साडेतीन वर्षं आहे."