सुतकातली बाग

मंडळी, नमस्कार.

मारुतीच्या मंदिरात तुम्ही सगळे आईसाठी जमलात. सतरंज्या अंथरल्यात, फोटो मांडलात, हार आणलात. या सगळ्याचे आभार मानायला मी उभा राहिलो आहे. सोपं काम आहे असं वाटलं होतं. धुळ्याला बातमीदारी करताना मी इतक्या शोकसभा ऐकल्या आहेत, की कुठला वक्ता कुठल्या वाक्याला रुमाल काढणार हे मी आधी सांगू शकतो. मागच्या रांगेत बसून शेजारच्याच्या कानात सांगतही आलो आहे. आज मागे माझ्यासारखा कोणी बसला असेल, तर त्याची निराशा होईल. रुमाल मी घरी विसरलो आहे.

आणि बोलणं जड जातंय, त्याचं कारण फक्त दुःख असतं तर बरं झालं असतं.

आत्ताच नाना बोलले. तुम्ही ऐकलंत. नाना म्हणाले, ‘अक्का गेल्या, पण मुलानं त्यांची बाग सुकू दिली नाही. बाग एवढी फुललेली मी आजवर पाहिली नव्हती. आईला ओळखणारा मुलगा आहे.’ आणि तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्यात. नाना, तुम्ही वडीलधारे. तुमचं वाक्य खोडायची माझी छाती नाही. पण आज ते खोडल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

तुमची अक्का, म्हणजे माझी आई, पिंपळनेरकडची. लग्न होऊन जळगावात आली, सगळा जन्म इथे काढला, पण बोलायची आपल्या माहेरची अहिराणीच. आमच्या घरामागे तिची बाग. बाग म्हणायचं आपलं. जास्वंद, तगर, कण्हेर, शेवंती, कोरांटी, कुंपणावर गोकर्णीचा वेल आणि मध्ये जिथे जागा उरेल तिथे भरिताची वांगी. या आपल्या गावात नळ्या आणि ठिबक यांचे कारखाने आहेत. अख्ख्या देशाला थेंबाथेंबानं पाणी पाजणारं हे गाव, आणि आई मरेपर्यंत तांब्यानं पाणी घालत राहिली. मी एकदा ठिबकच्या नळ्या आणून दिल्या. तिनं त्यांनी टोमॅटो बांधले. मी चिडलो, तर म्हणाली, ‘नळीले काय समजस भाऊ, कोनले तहान लागनी ते?’

मी संस्कृत घेऊन शिकलो याचं तिला कौतुक होतं. कौतुक करायची पद्धत तिची. ‘मना पोऱ्या देवनी भाषा शिकना,’ असं सगळ्यांना सांगायची आणि पुढे जोडायची, ‘पन देवले फुलं मालेच तोडनी पडतस.’

तर ती गेली. झोपेत गेली, दवाखान्याचा त्रास कोणाला दिला नाही. मी धुळ्याहून आलो, माझी बहीण मंदा मुक्ताईनगरहून आली. आणि मग माणसं यायला लागली. आपल्याकडे कसं असतं, तुम्हाला ठाऊक आहे. गावोगावच्या गाड्या भरून बायका येतात. गल्लीच्या तोंडाशी उतरल्या की तिथूनच हेल निघतो. घरातल्या लेकीनं उठायचं, दाराशी जायचं, आलेलीच्या गळ्यात पडून पहिल्यापासून रडायचं. ती गाडी जाते. डोळे पुसून पाणी प्यावं, तोवर दुसरी गाडी. मंदा उठायची. पुन्हा दाराशी जायची. पुन्हा पहिल्यापासून.

आम्हा पुरुषांचं काम सोपं. सतरंजीवर बसायचं. कोणी विचारलं, ‘कसं काय झालं?’ की सांगायचं. मी इतक्यांदा सांगितलं, की आईच्या मृत्यूची बातमी माझी पाठ झाली. आधी घटना, मग पार्श्वभूमी, शेवटी डॉक्टरांचं म्हणणं. वर एक श्लोक. माणूस शिकलेला दिसला तर दोन. ऐकणारे म्हणायचे, ‘केवढा धीराचा मुलगा!’ मंडळी, तो धीर नव्हता. माझं आत काहीच हलत नव्हतं.

म्हणून मी मागच्या दारानं बागेत गेलो. झाडांना पाणी घालतो, असं सांगून गेलो. या सबबीला कोण नाही म्हणणार?

आणि मंडळी, तिथे मला बरं वाटलं.

मार्गशीर्षातली थंडी. ऊन नुकतं भिंतीवरून उतरलेलं. आईचा तो पोचे पडलेला तांब्या हातात. आणि समोर फुलं. शेवंतीची झाडं फुलांच्या भारानं वाकलेली. जास्वंद लालभडक. तगरीखाली जमीन पांढरी. मी असली बाग जन्मात पाहिली नव्हती. मी पायरीवर बसलो आणि रडलो. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच. मला वाटलं, आई बोलते आहे. मला वाटलं, ही बाग ती माझ्यासाठी ठेवून गेली आहे. मग मी रोजच जायला लागलो. सकाळी जायचो, दुपारी जायचो. पुढच्या दारी गाडीचा आवाज आला की माझ्या झाडांना तहान लागायची. मंदा एकदा आतून म्हणालीही, ‘दादा, किती पाणी घालतोस? बाग आहे की धरण?’ मी हसलो. ती हसली नव्हती, ते मला तेव्हा दिसलं नाही.

मग तो गुरुवार आला.

मागच्या फाटकाशी मालतीकाकू उभ्या होत्या. काकू आमच्या मागच्या गल्लीत राहतात. आज त्या तिकडे, चपलांजवळ बसल्या आहेत. काकू, तुम्ही पुढे येणार नाही हे मला माहीत आहे, आणि मी आग्रह करणार नाही. तो करायचा हक्क मी घालवला आहे.

काकूंच्या हातात परडी होती. रिकामी. त्या काही मागत नव्हत्या. नुसत्या तारेवर हात ठेवून उभ्या होत्या. आमच्या त्या फाटकाला कडी नाही, तारेचा एक वेढा आहे. तो काढून आत यायचं, एवढंच. सगळी कॉलनी तशीच येते. पण त्या वेढा काढत नव्हत्या. मी पायरीवरून उठलो. मला काय वाटलं, ते खरं सांगतो. मला वाटलं, आता ही शेवंती जाणार.

आणि मी म्हणालो, ‘काकू, आमच्याकडे सुतक आहे. सुतकातली फुलं देवाला चालत नाहीत. शास्त्रात तसं सांगितलं आहे.’

शास्त्रात! मंडळी, मी आजवर किती सुतकं पाळली आहेत, हे धुळ्यातल्या माझ्या मित्रांना विचारा. ज्या माणसाला एरवी एकादशी कधी येते आणि कधी जाते ते कळत नाही, त्याला त्या सकाळी अख्खं धर्मशास्त्र आठवलं. कशासाठी? शेवंतीच्या चार फुलांसाठी.

काकू म्हणाल्या, ‘हो हो भाऊ, माझ्या लक्षातच नाही राहिलं. सवयीनं आले.’ आणि त्या गेल्या. त्या गेल्यावर मी काय केलं? फाटकाच्या तारेला आणखी दोन वेढे घातले. घट्ट. आणि पायरीवर येऊन पुन्हा बसलो. आईच्या आठवणीत!

दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी गाड्या जरा थांबल्या. मंदा भिंतीला टेकून बसली होती. आवाज पूर्ण बसलेला. मला तिची दया आली. उशिरा आली, पण आली. मी म्हटलं, ‘मंदे, चल. तुला एक दाखवतो.’ हाताला धरून मी तिला बागेत नेलं. जसं काही बाग मीच लावली होती. म्हटलं, ‘बघ. आई आपल्यासाठी काय ठेवून गेली आहे.’

मंदा बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज नव्हता, हेल नव्हता. नुसतं पाणी. मला वाटलं, चला, हिलाही बरं वाटतंय.

ती म्हणाली, ‘दादा, ही आईची बाग नाही.’

मी म्हटलं, ‘म्हणजे?’

‘आईच्या बागेत तुला कधी फूल दिसलं होतं?’

मी आठवायला लागलो. मंडळी, मी खरंच उभा राहून आठवायला लागलो. शाळेत जाताना, कॉलेजात असताना, पुढे सुटीला आलो तेव्हा. मी उठून दात घासत मागे यायचो, तेव्हा ती बाग हिरवी असायची. नुसती हिरवी. मी आईला चिडवायचोही, ‘ही फुलझाडं आहेत की मेथी?’ कारण मी उठायच्या आत फुलं गेलेली असायची. ती पहाटे परडी भरायची आणि दारोदार वाटून यायची. कोणाच्या कंपाउंडच्या भिंतीवर पुडी, कोणाच्या फाटकाला पिशवी. ज्यांना हवी असतील ते तारेचा वेढा काढून आत यायचे. ‘झाडवर ठेईसन काय करशी माय? लई जाय, बठ्ठं लई जाय.’ सगळं घेऊन जा, असं ती त्यांना सांगायची.

आणि मी ज्या फुलांकडे बघून आई बोलते आहे म्हणत होतो, ती फुलं झाडावर होती याचं कारण एकच. सुतक. कोणी तोडत नव्हतं म्हणून ती होती. नाना, तुम्ही म्हणालात, बाग एवढी फुललेली आजवर पाहिली नव्हती. बरोबर आहे. आई असताना ती अशी दिसणं शक्यच नव्हतं.

मंदा तेवढ्यावर थांबली नाही. थांबायला नकोच होती. म्हणाली, ‘आणि तू काकूंना परत पाठवलंस. मी खिडकीतून ऐकलं. सुतकाचं सांगितलंस तू. त्या बाईला!’

मी म्हटलं, ‘अगं, पण शास्त्र...’

‘काका वारले तेव्हा आईनं काय केलं होतं, माहीत आहे तुला?’

मला माहीत नव्हतं. मी धुळ्यात होतो. काकूंचे यजमान गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई ओंजळभर शेवंती घेऊन त्यांच्या दारात उभी. घरातल्या बायकांनी सांगितलं, अहो अक्का, सुतक आहे, देव बंद आहेत. तर आई म्हणाली, ‘देवले नही चालतस? नको चालोत.’ आणि काकूंकडे वळून म्हणाली, ‘तुले ते चालतस ना?’

सुतक संपेपर्यंत ती रोज जायची. फुलं खिडकीत ठेवायची, आणि काकूंच्या शेजारी बसायची. श्लोक तिला एकही येत नव्हता.

मंदा म्हणाली, ‘दादा, काकू फुलांसाठी आल्या नव्हत्या. पुढच्या दारी सगळे नातेवाईक. तिथे शेजारणीनं कोणाच्या गळ्यात पडून रडायचं? त्यांची आणि आईची सगळी ओळख या मागच्या फाटकातली. त्यांना इथे येऊन रडायचं होतं. आणि मलाही.’

‘मलाही’ हा शब्द तिनं फार हळू उच्चारला. मंडळी, मी रोज त्या पायरीवर बसून दुःख हलकं करत होतो, आणि आत माझी बहीण माझ्या वाटचं रडत होती. तू तासभर इथे बस, पुढचं दार मी सांभाळतो, एवढं म्हणणंसुद्धा मला सुचलं नाही. पायरीवर दोघं तिघं बसू शकतील एवढी जागा आहे. मी मोजून पाहिली नाही, पण आहे.

काल दहावा झाला, गंधमुक्ती झाली. सुतक फिटलं. संध्याकाळी मी काकूंकडे गेलो. माफी मागायला गेलो होतो. काकूंनी चहा टाकला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, ‘भाऊ, मनाला लावून घेऊ नका. शास्त्रच आहे ते. तुम्ही शिकलेले.’ त्यांनी ते अगदी साधेपणानं म्हटलं. मी चहा प्यायलो, थंडी यंदा फार आहे असं काहीतरी बोललो आणि परत आलो. शब्दांवर पोट भरणारा माणूस मी. तिथे एक शब्द सापडला नाही.

म्हणून तो इथे, सगळ्यांसमोर म्हणतो. काकू, चुकलो. शास्त्र खरं असेल, पण माझ्या तोंडी ते खोटं होतं. मंदे, तुझीही माफी मागतो. आणि नाना, ‘आईला ओळखणारा मुलगा’ हे तुमचे शब्द परत घ्या. मी तिला ओळखायला लागलो तो परवा दुपारी, आणि तेही कोणीतरी ओळख करून दिली म्हणून.

आईच्या फोटोला तुम्ही बाजारातून विकत हार आणलात. तिच्या बागेतली फुलं न्यायला तुम्ही कचरलात. कोणामुळे, ते मला कळतं. असू द्या तो हार. फक्त एक मागणं आहे. मागच्या फाटकाची तार मी आज सकाळी काढली. माझे दोन वेढे तर काढलेच, आईचा एक होता तोही काढला. फाटक नुसतं लोटलेलं आहे. उद्या गुरुवार आहे. पहाटे या. पानं न्या, फुलं न्या, शेवंती सगळी न्या, मागे काही ठेवू नका. देवाला वाहा, केसांत माळा, खिडकीत ठेवा. ज्यांना फुलं नको असतील त्यांनी नुसतं येऊन पायरीवर बसावं. चहा मी करेन. तो कसा होतो, याची चौकशी मंदाकडे आधी करून घ्यावी.

मी नेहमीच्या वेळेला उठेन. म्हणजे उशिरा. दात घासत मागे येईन. तेव्हा मला एकही फूल दिसायला नको. नुसतं हिरवं दिसू दे.

आई, तसं दिसलं, तर तू पुढे वाटायला गेली आहेस असं मी समजेन.

चला, उभे राहू या. थोडा वेळ कोणी काही बोलू नये. मी तर मुळीच नाही.