पाला टाकलेली विहीर

(युसुफची बहीण रजिया, तिचा निकाह झाला ते साल, सन १९१५. वैशाख महिना. सूर्यमाळच्या एका पाड्यावर निम्मी खणलेली विहीर. तळाशी माघ्या पडलेला. काठावर तिघं: माघ्याची बायको रामी, माघ्याचा धाकटा भाऊ सोम्या, आणि जव्हारचा सुरुंगवाला युसुफ.)

सोम्या : दोर सोड, मियाभाय! माझा भाऊ खाली पडलाय!

युसुफ : म्हणूनच नाय सोडत. उतरलास की त्याच्याच छातीवर पडशील.

रामी : आत्ता तर 'गरगरतंय' म्हणाला. जिवंत असेल तो!

युसुफ : मी येईपर्यंत थांबायचं होतं. विहीर किती दिवस झाकलेली होती?

रामी : तू निकाहाला गेलास तेव्हापासून. दहा दिवस. शेरडं पडू नयेत म्हणून वर फळ्या घातल्या.

युसुफ : आणि आत?

सोम्या : पाला. जांभळीचा, चार भारे. दादा तोच काढायला उतरला. तूच सांगून गेलास ना, आत वास आला तर पाल्यानं हवा सुधारते?

युसुफ : अरे, फांद्या दोराला बांधून वर-खाली हाण म्हटलं! आत टाकून झाकून ठेव नाय म्हटलं! पाला झाडावर असतो, उन्हात असतो, तेव्हा हवा देतो. तोडून अंधारात कोंबला की तोही आपल्यासारखीच हवा खातो. कुजायला लागला की अधाशासारखी.

सोम्या : ऐकलंस वयनी? पाला हवा खातो! उद्या म्हणेल दगड भाकर खातो. सर बाजूला.

युसुफ : नाय सरत.

सोम्या : हातात कोयता आहे, बघ.

युसुफ : बघतोय.

रामी : सोम्या, नको!

युसुफ : या अल्ला! ...दोन बोटं नेलीस. आठ आहेत अजून. दोर नाय मिळणार.

सोम्या : आता मान नेतो!

युसुफ : मग ही पहार घे.

सोम्या : आई गं! पाय! वयनी, नडगी फोडली ह्यानं!

रामी : राक्षसा! एक खाली मारलास, आता दुसरा वर मारतोस? हा धोंडा घालते तुझ्या टाळक्यात!

युसुफ : घातलास ना? आता माझ्या डोळ्यातलं रगत मला पुसू दे, आणि तू हा काकडा पेटव. दोरीनं आत सोड. हात मोज.

रामी : पाच... सहा... सात. विझला.

युसुफ : आत वारा आहे?

रामी : नाय.

युसुफ : मग फुंकर कुणी मारली? परत पेटव.

रामी : ...परत विझला. तिथंच.

सोम्या : वयनी, सरपटत जातो मी. उडीच टाकतो.

रामी : गप पड.

सोम्या : माझे केस सोड!

रामी : नाय सोडत. हललास तर दुसरी नडगी मी फोडीन. मियाभाय, सांग, काय करू?

युसुफ : ते हंडे ओत आत. सगळे.

रामी : दोन डोंगर उतरून आणलेत रे. पाड्यावर दुसरा थेंब नाय.

युसुफ : ओत! पाण्याबरोबर वरची हवा खाली जाते. आता फांद्या बांध दोराला. हाण. वर, खाली. भात झोडतेस तशी.

रामी : हात गळाले माझे.

युसुफ : गळू देत. हाण. ...आता काकडा सोड.

रामी : जळतोय. पार तळाला गेला, तरी जळतोय!

युसुफ : दोर माझ्या कमरेला बांध. सोम्या, कप्पीचा दोर तू धर. पाय मोडलाय, हात धड आहेत.

सोम्या : मी? आणि सोडला तर?

युसुफ : तर सोड.

सोम्या : ...वयनी, उतरला बघ. सगळा भार माझ्या मुठीत आहे. मूठ उघडली की संपला.

रामी : उघड. मग भावाला वर कोण आणील?

सोम्या : दोर सोडता सोडता तळवे सोलले माझे.

रामी : उघडतोस का धरतोस?

सोम्या : ...धरलाय.

युसुफ : ओढा! त्याला बांधलाय! मी कडेच्या खोबणींत पाय रोवून चढतो!

रामी : ए, ऊठ ना. ऊठ. सोम्या, ह्याचे ओठ बघ, काळेनिळे झालेत. अंगावर खरचटलेलंसुद्धा नाय. छाती का हलत नाय ह्याची?

युसुफ : रामीबाई, आता हाक मारून उपयोग नाय.

रामी : तू त्याला नीट सांगितलं होतंस? फांद्या हाणायच्या, टाकायच्या नाय, असं?

युसुफ : सांगितलं. पण चालता चालता. गाडी जुंपलेली होती.

रामी : निकाहाची घाई.

युसुफ : होय.

रामी : पुढं त्यानं विचारलं काही?

युसुफ : विचारलं. मी गाडीत बसलो होतो. हात हलवला फक्त.

सोम्या : बस झालं, वयनी. त्याच्या हाताला फडकं बांध, रगत थांबत नाय.

युसुफ : पाटलाला खबर द्यायला हवी. मीच जातो. काय सांगू?

सोम्या : सांग, माघ्या मेला. शुक्रवारी, न्याहरीच्या वेळी. विहिरीत हवा नव्हती.

युसुफ : आणि तुझा पाय कुणी मोडला म्हणून विचारलं तर?

सोम्या : सांग, पाय मोडला म्हणून एकच मेला.