गळाच्या शिशाला पावडरचा रंग

हसू नका, पण मासे धरायच्या गळाला बांधतात त्या शिशाच्या वजनाला न उडणारा रंग आमच्या बंदरावर पहिल्यांदा आम्हीच दिला. ब्याऐंशी साल असेल. माझा भाऊ वसंता मुंबईच्या कारखान्यात पावडरचा रंग द्यायचा. सुट्टीवर येताना त्याने केशरी पावडर आणली. डब्याच्या बुडाच्या जागी कापड ताणून वर पावडर ओतली आणि खालून हवा सोडली, की पावडर उतू जाणाऱ्या दुधासारखी वर येते. तापवलेलं शिसं त्यात बुडवायचं, की पावडर वितळून त्याला चिकटते. हवेला मी सायकलचा पंप लावला.

"हळू मार हां!" वसंता म्हणाला.

मी जोरात मारला. अर्धी पावडर त्याच्या तोंडावर!

"आता उरलेल्यात भागव," तो डोळे पुसत म्हणाला.

भागलं.

सकाळी जेटीवर आमचं केशरी शिसं हातात घेऊन म्हातारे इस्माईलचाचा म्हणाले, "पहिल्याच खडकाला उडेल रंग." त्यांनी ते शिसं दगडावर तीनदा आपटलं. टवकासुद्धा उडाला नाही. चाचांनी ते सरळ खिशात टाकलं आणि विचारलं, "हिरवी पावडर मिळते काय रे?"