मामांनी बंद ठेवलेलं इंजिन

मंडळी, आयाबायांनो, तामलवाडीहून आलेल्या पाहुण्यांनो,

सोसायटीच्या मीटिंगीत वाद घालणं वेगळं आणि दगडूमामांच्या फोटोपुढं उभं राहून बोलणं वेगळं. पण सेक्रेटरी म्हणून मला बोललंच पाहिजे. मामा गेल्यावर एक चूक झाली, आणि ती माझ्या हातून झाली.

मामा आपल्या पाणी सोसायटीच्या विहिरीवरचं ऑईल इंजिन चालवायचे. दुपारी एकदा बौद्धवाड्याच्या आडाकडं चक्कर मारायचे आणि आल्यावर इंजिन बंद करायचे. विचारलं की एकच उत्तर, "सेक्रेटरी, इंजिन तापलंय. जरा दम खाऊ द्या त्येला." आपण हसायचो. इंजिन म्हणजे मामांचा जावई, म्हणायचो. मी तर एकदा चिडून म्हणालो, "मामा, दुष्काळात गुरांचं कडवळ वाळतंय आणि तुम्ही इंजिन निजवताय?" दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिन पुन्हा बंद.

मामा गेले. तिसऱ्या दिवशी मी नव्या माणसाला सांगितलं, दिवसभर चालव. तापलं का इंजिन? न्हाय. दोन दिवस ठणठणीत चाललं. मी खूष. मग पुढच्या सकाळीच बौद्धवाड्यातल्या सुभद्राबाई रिकामी घागर घेऊन ऑफिसात आल्या. "आमचा आड आटला. मामा हुते तवर आटला न्हवता. तुमी काय केलं?"

त्यांनीच मला आडावर नेलं. आत दगडावर चुन्याची रेघ. मामा वाकून बघायचे ते ही रेघ. पाणी उतरून रेघेला टेकलं की इंजिन बंद. मंडळी, सोसायटीच्या विहिरीचा आणि त्या आडाचा झरा एकच हाय; इकडं उपसलं की तिकडं उतरतं. वरून दिसत न्हाय. कुठल्या कागदावर न्हाय. नव्या माणसाला ते कळणार तरी कुठून?

मला मामांचा राग आला. खरंच आला. एवढी गोष्ट एकट्याच्या डोक्यात ठेवायची? सांगायचं न्हाय? सुभद्राबाई म्हणाल्या, "म्याच म्हणलं हुतं, सेक्रेटरीला सांगा. तर मामा म्हणले, मीटिंगीत मतं पडतील. त्यात तुमचं एकबी न्हाय."

खोटं बोलले का मामा? बौद्धवाड्यातलं एक तरी घर सोसायटीचं सभासद हाय का? मला लाज वाटली, मंडळी. अजून वाटते.

परवापासून इंजिन बंद हाय. आडात घोट्याएवढं पाणी आलंय. इथून पुढं इंजिन तापल्याचं सोंग कुणी करायचं न्हाय. ती रेघ सोसायटीच्या नियमात लिहायची. रोज एका सभासदानं आडावर जाऊन बघायचं. पहिली पाळी माझी. माझं कडवळ वाळलं तर वाळू द्या. आणि बौद्धवाड्यातली घरं सभासद करून घ्यायची.

आता मामांच्या श्रद्धांजलीला उभं राहायचंय. थांबा, इतक्यात उठू नका. रिवाज म्हणून तर उठूच नका. ज्याला हे मान्य हाय त्यानंच उठायचं. ज्याला न्हाय, त्यानं बसून राहायचं, मामांच्या समोर, सगळ्यांच्या देखत.

सुभद्राबाई, आधी तुम्ही उठा.