खुंटी क्रमांक सात

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले सचिवसाहेब, आंतरराष्ट्रीय पाहणी पथकातून एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्या बाई, त्यांच्या शेजारचे दुभाषी, माझे सहकारी, आणि तिसऱ्या रांगेत बसलेली माझी थोरली बहीण,

आज माझ्या निवृत्तीच्या निरोपाला माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं की माझी नोकरी मलाच ओळखता येईना. 'वाळू थांबवणारा माणूस' म्हणालात. साहेब, वाळू माझं ऐकत असती, तर माझे रजेचे अर्ज मंजूर व्हायला इतकी वर्षं तरी कशाला लागली असती?

दुभाष्यांना एक विनंती. यापुढचं जरा सावकाश बोलतो, जसंच्या तसं सांगा. गोड करू नका.

सतरा वर्षांपूर्वी आपल्या सरकारने वाळवंटीकरण रोखण्याच्या करारावर सही केली आणि आमच्या खात्याला एक तक्ता आला. शेवटच्या खुंटीपासून वाळू किती दूर, एवढंच त्यात भरायचं. आम्ही गावाबाहेर बारा खुंट्या ठोकल्या, वाळूपासून बरोबर चाळीस मीटरवर. वर्षभरात वाळू खुंट्यांपर्यंत आली. आता गाडलेल्या खुंटीपासून मोजणार कसं? म्हणून आम्ही त्या उपटल्या आणि पुन्हा चाळीस मीटर पुढे, गावाच्या बाजूला ठोकल्या. तक्त्यात लिहिलं, चाळीस. पुढच्या वर्षीही चाळीस. खुंटी हलवली हे लिहायला तक्त्यात रकानाच नव्हता. शपथेवर सांगतो, पहिल्या वर्षी त्यात लबाडी नव्हती, निव्वळ बावळटपणा होता.

मग त्या कराराच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जाहीर झालं की आमच्याकडे वाळू जागच्या जागी उभी आहे. मंत्रिमहोदयांना सन्मानचिन्ह मिळालं. मी तेव्हाच्या साहेबांकडे धावत गेलो, चूक सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "आता खुंट्या मागे नेल्या, तर सन्मानचिन्हही मागे पाठवावं लागेल." त्यानंतर मी सात पत्रं लिहिली. सातही वेळा 'नोंद घेतली' असं उत्तर आलं. कुठे घेतली, ते अजून सापडलेलं नाही. मी चिडलो, घरी आदळआपट केली, आणि दरवर्षी खुंट्या हलवायला मात्र मीच गेलो.

माझी ताई त्याच गावात राहते. बारा वर्षांपूर्वी तिने विचारलं, घराला मागे एक खोली काढू की गाव सोडू? तू मोजतोस, तूच सांग. मी खिशातून तक्ता काढून दाखवला आणि बांध म्हणालो. मला माहीत नव्हतं असं म्हणायला जीभ वळत नाही. परिषदेत गाजलेला आकडा मलाही आवडायला लागला होता, हे खरं.

गेल्या वर्षी चाळीस मीटर मोजत आम्ही निघालो, तर सातव्या खुंटीची जागा थेट ताईच्या स्वयंपाकघरात आली. टेप हातात धरून आम्ही तिघे दारात उभे. तिने आम्हाला आत घेतलं, चहा ठेवला आणि विचारलं, "कागदावर वाळू थांबलीय ना रे? मग मी रोज झाडून काढते ती कुठली?" आम्ही चहा प्यायलो आणि खुंटी तिच्या अंगणात ठोकून आलो.

आज त्या मागच्या खोलीची खिडकी उघडत नाही. गावाने स्थलांतरासाठी तीनदा अर्ज केला. तीनदा नाकारला गेला. कारण एकच, वाळू स्थिर आहे. खाली माझी सही.

पाहुण्या बाई, सोमवारी तुमच्यापुढे अंतिम अहवाल येईल. तो चाळीसच्या आकड्यासह मान्य झाला, तर वाळू रोखण्याचा कार्यक्रम यशस्वी म्हणून बंद होईल आणि ते गाव कोणत्याच यादीत राहणार नाही. माझी सही आज कार्यालय सुटेपर्यंत चालते. सचिवसाहेब, दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी ती केली आणि अहवाल पथकाच्या पत्त्यावर रवाना केला. पोच खिशात आहे. त्यात चाळीस खोडून, सतरा वर्षांत वाळू सहाशे ऐंशी मीटर पुढे आली, असं लिहिलंय. सतरा वर्षांच्या खऱ्या मोजणीची माझी वहीही जोडलीय. आपण उठू नका, माझं संपतच आलंय.

सहकाऱ्यांनी आठवण म्हणून मला रंगवलेली, पितळी पट्टी लावलेली खुंटी दिली. क्रमांक सात. प्रेमाने दिलीत, मनापासून आभारी आहे. पण ती माझ्या भिंतीवर शोभणार नाही. ताई, उद्या मी ती घेऊन येतो. गेल्या वर्षी जिथे ठोकायची हिंमत झाली नाही, तिथेच ठोकू, तुझ्या चुलीपाशी. पथकाने यावं आणि तिथून मोजावं.

सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभागृहाने पोटात घालावं. मोजण्यात जे कमी भरलं, ते मात्र पोटात घालू नका. ताई, तूसुद्धा नको.